सशाचं घर आणि हात लावायची मुभा

विषयाचं नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. हसायला हरकत नाही. ज्याने आयुष्यभर कॉलेजात कांट आणि शांकरभाष्य शिकवलं, त्या माणसाने सत्तरी उलटल्यावर तळीयेत येऊन सशाच्या चित्रपुस्तकावर बोलावं, हे जरा विचित्रच. पण आजचं व्याख्यान एका प्रश्नातून निघालं आहे, आणि प्रश्न इथला आहे.

या पंचक्रोशीतल्या एका अंगणवाडीच्या ताईंनी मला विचारलं होतं, "सर, माझ्याकडे आता जी पोरं येतात ती दरड पडल्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांनी काहीच बघितलेलं नाही. पण घरात विषय निघाला की मोठी माणसं गप्प होतात, तेवढं त्यांना बरोबर कळतं. मग ती मला विचारतात, तिकडे वर काय होतं? मी काय सांगू?"

२२ जुलै २०२१. इथे बसलेल्यांना तारीख सांगायची गरज नाही. पण हे बोलणं लिहून काढून बाहेर जाणार आहे, म्हणून बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी संध्याकाळच्या सुमाराला तळीयेतल्या कोंडाळकरवाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. घाटाच्या वर, महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलीमीटर पाऊस पडला होता. खाली महाड पाण्यात होतं, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते. काही दिवसांनी शोध थांबवला, आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत धरलं गेलं. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये जुई आणि दासगाव, २०१४ ला पलीकडे माळीण, नंतर २०२३ ला इर्शाळवाडी. ही यादी आपल्याला पाठ आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला ती कशी सांगायची, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

ताईंना मी तेव्हा एवढंच म्हटलं की मला थोडा वेळ द्या. कारण लहान मुलाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक तुकडा मी नेदरलंड्समध्ये डोळ्यांनी पाहिला होता. डोळ्यांनी म्हणजे, तिथे खरं तर हातांनीच पाहायचं असतं. ते आता सांगतो.

माझी मुलगी ॲमस्टेलवीनला राहते. तिथे आता इतकी मराठी घरं आहेत की गणपतीत आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिला घेऊन आम्ही युट्रेक्टला गेलो. जुनं गाव, कालवे, विटांची घरं. तिथे सेंट्राल म्युझियम नावाचं मोठं कलासंग्रहालय आहे, आणि त्याच्या समोर, रस्ता ओलांडला की, एक छोटं संग्रहालय आहे सशाचं. सशाचं म्हणजे 'नाइन्चे'चं. डच भाषेत सशाच्या पिल्लाला 'कोनाइन्चे' म्हणतात. लहान मूल जसं शब्दाचं शेपूट तेवढं धरून बोलतं, तसं 'नाइन्चे'. जगात ती 'मिफी' या इंग्रजी नावाने ओळखली जाते. तुमच्यापैकी काहींच्या घरात तिचं चित्र असलेला डबा किंवा दप्तर असेल, आणि ती कोण हे माहीत नसेल.

हे संग्रहालय दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. जागा म्हणजे सशाच्या पुस्तकांतली दुनियाच: घर, डॉक्टरांची खोली, रस्ता आणि सिग्नल, प्राणिसंग्रहालय. मोठ्या माणसाला वाकावं लागतं. नात डॉक्टर झाली, मी पेशंट. तिने माझी छाती तपासली आणि तुम्ही फार बोलता असं निदान केलं. आदल्याच दिवशी आम्ही तिला एका मोठ्या चित्रसंग्रहालयात नेलं होतं, तिथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिला मागे सरायला सांगत होतं. इथे ती अर्धा तास झाल्यावर माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, इथे कोणी ओरडत नाही?"

हा प्रश्न मला फार मोठा वाटला. इथे कोणी ओरडत नाही, या वाक्यामागे तीनशे वर्षं आहेत. पण आधी हा ससा कोणाचा ते सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धवट राहील.

डिक ब्रूना. जन्म युट्रेक्टचाच, २३ ऑगस्ट १९२७. आता महाडच्या माणसाला १९२७ म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. या दोन तारखांच्या मधोमध तिकडे हा माणूस जन्मला. योगायोगच आहे, त्यातून मी काही सिद्ध करणार नाही. पण 'हात लावू नका' हे तीन शब्द महाडमध्ये उच्चारताना माणसाने सावध राहावं. संग्रहालयातल्या पाटीवर ते वस्तू जपण्यासाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे ते माणसांविरुद्ध लिहिलेले होते, पाटी न लावता. मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ ला मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला १९२७ उजाडावं लागलं. त्यावरचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७. कागदावर मुभा मिळणं आणि हात प्रत्यक्ष पाण्यात जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. हे डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर ब्रूना. घरचा प्रकाशनाचा मोठा धंदा. वडिलांची इच्छा मुलाने तो सांभाळावा, मुलाला चित्रं काढायची. शेवटी तडजोड अशी झाली की त्याने त्याच प्रकाशनासाठी मुखपृष्ठं काढावीत. खिशात मावणारी रहस्यकथांची पुस्तकं असायची, त्यांची जवळपास दोन हजार मुखपृष्ठं त्याने केली. त्या कामात एक शिस्त लागली: रेल्वे स्टेशनवरून धावत जाणाऱ्या माणसाला लांबून कळलं पाहिजे. म्हणजे कमीत कमी रेषा, कमीत कमी रंग. मातीसची कात्रणचित्रं त्याने पाहिली होती. युट्रेक्टमध्येच रीटवेल्डने १९२४ ला बांधलेलं ते प्रसिद्ध घर आहे, तांबडा, निळा, पिवळा आणि सरळ रेषा. तेही डोळ्यांसमोर होतंच.

१९५५ मध्ये कुटुंब समुद्रकाठी एग्मंडला सुट्टीला गेलं होतं. वाळूच्या टेकड्यांत ससा दिसला, आणि लहान मुलाला झोपवताना बाप त्या सशाच्या गोष्टी सांगू लागला. जगातली निम्मी बालपुस्तकं अशीच निघाली आहेत. पोर झोपत नाही म्हणून. (त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला नोर्डवाइक आहे, जिथे तीन वर्षं आधी मारिया माँटेसरी वारल्या. त्यांच्याकडे येतोच.) पहिल्या पुस्तकातला ससा जरा ढिलाढाला होता, कान लोंबते. १९६३ पासून आज जी दिसते ती नाइन्चे आली, आणि पुस्तकही चौकोनी झालं, सुमारे सोळा सेंटिमीटरचं. लहान हातात धरता येईल एवढं. बारा चित्रं, प्रत्येक चित्रासमोर चार ओळी. बस्स. याला चित्रपुस्तक म्हणण्यापेक्षा मी सूत्रग्रंथ म्हणेन. एका चित्रासाठी हा माणूस शंभरेक कच्ची चित्रं काढायचा, आणि मग त्यातून पुसत, पुसत, दोन ठिपके आणि एक फुली उरायची. दोन ठिपके म्हणजे डोळे, फुली म्हणजे नाक-तोंड.

आणि एक गोष्ट. ती नाइन्चे कायम तुमच्याकडे बघते. सायकल चालवत असो, पोहत असो, अंग बाजूला वळलेलं असलं तरी चेहरा समोर. चित्रकलेच्या शिक्षकाने याला चूक म्हटलं असतं. पण मूल पुस्तक उघडतं तेव्हा त्याला कोणीतरी बघत असतं, हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या देवळातली मूर्ती अशीच समोर बघते. 'दर्शन' या शब्दात आपण तिला बघणं आणि तिने आपल्याला बघणं, दोन्ही येतं.

ब्रूनाची एकूण सव्वाशेच्या आसपास पुस्तकं, पन्नासहून अधिक भाषांत, साडेआठ कोटींहून अधिक प्रती. २००६ मध्ये युट्रेक्टला त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय उघडलं, २०१६ मध्ये ते नाइन्चेचं संग्रहालय झालं. २०१७ ला तो गेला, एकोणनव्वदाव्या वर्षी. नाव बदललं यात एक शहाणपण आहे: आधी चित्रकाराचं संग्रहालय होतं, नंतर सशाचं झालं. चार वर्षांच्या मुलाला चित्रकार कोण याच्याशी काय देणंघेणं? बाहेर पडताना दुकान लागतं, आणि तिथे तुमचा खिसा हलका करण्याची व्यवस्था चोख आहे, हेही सांगून टाकतो. ससा हा तिथला मोठा व्यापार आहे. नात रडली, मी एक घेतला.

आता तीनशे वर्षांकडे.

१६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने जॉन लॉकला एक कोडं लिहून पाठवलं. मॉलिन्यूची बायको लग्नानंतर लवकरच आंधळी झाली होती, म्हणून हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ वर्गातला नव्हता. कोडं असं: जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखायला शिकला आहे. त्याला अचानक दृष्टी मिळाली. टेबलावर गोल आणि घन ठेवले आहेत. हात न लावता, केवळ बघून, तो सांगू शकेल का कोणता कोणता? मॉलिन्यू म्हणाला, नाही. लॉकनेही मान हलवली आणि आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ ला, ते कोडं घातलं. मग बर्कली, लाइबनिट्स, दिदरो, सगळे यावर भांडले. आम्ही एम.ए.ला हे शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची, कारण उत्तर मिळणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं.

उत्तर मिळालं, आणि ते भारतात मिळालं. पवन सिन्हा नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत एमआयटीत आहेत. त्यांनी दिल्लीत 'प्रकाश' प्रकल्प सुरू केला, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी. दृष्टी आल्यावर लगेच पाच मुलांची ही परीक्षा घेतली. २०११ ला निष्कर्ष छापून आला. हाताने ओळखलेली वस्तू डोळ्यांनी लगेच ओळखता येत नाही. मॉलिन्यू बरोबर होता. पण पुढची गोष्ट अधिक सुंदर आहे: काही दिवसांत, काही आठवड्यांत, जमायला लागतं. म्हणजे हात आणि डोळा यांची ओळख जन्मतः नसते, करून द्यावी लागते, आणि करून दिली की ती झपाट्याने होते.

या तत्त्वज्ञांच्या भांडणापासून दूर, जर्मनीत, एका माणसाने त्यातले गोल आणि घन उचलून सरळ मुलांच्या हातात दिले. फ्रेडरिक फ्रोबेल. आई तो नऊ महिन्यांचा असताना गेली, एकटं बालपण. त्याने मुलांसाठी खेळण्यांचे संच केले, त्यांना 'देणग्या' म्हणायचा. पहिली देणगी लोकरीचे चेंडू. दुसरी लाकडाचा गोल, घन आणि नळकांडं. १८४० मध्ये त्याने आपल्या शाळेला 'मुलांची बाग' हे नाव दिलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली! चेंडू आणि ठोकळ्यांची सरकारला भीती वाटली. मला यात नवल वाटत नाही. ज्याला हात लावून बघायची सवय लागते तो पुढे कशाकशाला हात लावेल याचा नेम नाही.

नंतर माँटेसरीबाई. त्या नेदरलंड्समध्ये राहत होत्या, तिथून १९३९ ला भारतात आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांच्या आधीच आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे काम भावनगरला हातात घेतलं होतं. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि ताराबाईंनी जी गोष्ट केली तिला मी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी मानतो. माँटेसरीची साधनं महाग. खेड्यात कोण घेणार? ताराबाई १९४५ ला बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ पासून डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत. सोबत अनुताई वाघ. तिथे त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पानं, माती यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. तेव्हा ताई, तुम्ही जिथे काम करता त्या खोलीच्या नावातच उत्तराचा अर्धा भाग आहे.

संग्रहालयांचं काय झालं ते भराभर सांगतो. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला मुलांसाठी म्हणून जगातलं पहिलं संग्रहालय उघडलं. बॉस्टनला १९१३. पण काचा होत्याच. १९६० च्या दशकात बॉस्टनला मायकेल स्पॉक आले आणि त्यांनी काचा काढल्या. वस्तूंच्या पोटात काय असतं ते मुलांना उघडून दाखवलं. हे त्या डॉक्टर स्पॉकचे चिरंजीव, ज्यांचं बाळ कसं वाढवावं याचं पुस्तक जगभर खपलं. आणि सॅन फ्रान्सिस्कोला १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमरने 'एक्स्प्लोरेटोरियम' काढलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ. राजकीय संशयावरून विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं, मग कोलोराडोत गुरं पाळली, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्या शाळेतल्या अनुभवावर ते संग्रहालय उभं राहिलं. एका भावाच्या हातून काय झालं आणि दुसऱ्याच्या हातून काय, यावर वेगळं व्याख्यान होईल.

आपल्याकडे मुंबईत राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ चं, प्रिन्स ऑफ वेल्स १९२२ चं. आज जे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्यांनी २०१५ पासून एका बसमध्ये संग्रहालय घालून ती शाळांपर्यंत नेली, आणि २०१९ मध्ये आवारातच मुलांचं संग्रहालय केलं. लोअर परळला २०२३ मध्ये 'म्युझियम ऑफ सोल्यूशन्स' उघडलं, मुलांनीच हाताने करून बघायचं. चांगलं आहे. पण इथल्या पोराला मुंबई दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि तिकीट वेगळं.

आणि चित्रपुस्तकावर उभं असलेलं आपलं संग्रहालय? नाही. स्टॉकहोमला १९९६ पासून युनिबाकन आहे, ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या गोष्टींत मुलं शिरतात. आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका आहे, ज्योत्स्ना प्रकाशनाची. राधाच्या घरातली माणसं, त्यांच्या सवयी, त्यांचं राधाशी असलेलं नातं. यातलं घर कोणा राजाचं नाही, मराठी मध्यमवर्गी घर आहे, आणि म्हणूनच त्यात पाय टाकावासा वाटतो. पुण्यात एखाद्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राधाचं घर उभं करता येईल. कोणी केलं तर मी उद्घाटनाला येईन, न बोलावता.

पुण्यातच एक संग्रहालय मात्र आहे ज्याचा मुलाशी फार वेगळा संबंध आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालय. आपण म्हणतो 'राजा केळकर म्युझियम', आणि अनेकांना वाटतं राजा म्हणजे राजेसाहेब. राजा हा दिनकरराव केळकरांचा मुलगा, सातव्या वर्षी गेला. बापाने दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, दरवाजे, घरगुती वापरातल्या हजारो वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या, आणि त्या सगळ्याला मुलाचं नाव दिलं. तिथे मुलाचा मोठा पुतळा उभारून भागलं असतं. त्यांनी नाव दिलं रोजच्या हाताळायच्या वस्तूंना.

इथून मी ताईंच्या प्रश्नाकडे वळतो.

१९९६ मध्ये ब्रूनाने एक पुस्तक केलं, नाइन्चेची आजी वारते त्याचं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात आजी पेटीत शांत पडलेली आहे. जंगलात तिची समाधी आहे. नाइन्चे पुढेही तिथे जाते आणि आजीशी बोलते. आजी तारा झाली, आजी गावाला गेली, असलं काही नाही. तेच चार रंग, त्याच जाड रेषा, आणि गालावर अश्रू. फार नाहीत, मोजके. नेहमीसारखीच ती आपल्याकडे बघते. मी ते पुस्तक नातीला वाचून दाखवलं. मुलीने भुवया उंचावल्या होत्या, पण नात शांत होती. तिने एकच विचारलं: "हिला भूक नाही लागली?" रडणाऱ्या माणसाला जेवायला द्यायचं असतं हे तिला ठाऊक होतं.

मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. जपानी मुलांची नाइन्चे ही साठच्या दशकापासूनची मैत्रीण. तिथे तिचं नाव उसाको-चान. ब्रूना तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. त्याने रडणारी नाइन्चे काढून पाठवली. एक गंमत अशी, की त्याच वेळी त्याची कंपनी आणि 'हॅलो किटी'वाली जपानी कंपनी कोर्टात भांडत होत्या, तुम्ही आमचा ससा चोरलात म्हणून. भूकंपानंतर दोघांनी खटला मिटवला आणि वकिलांवर जाणारे पैसे, दीड लाख युरो, आपत्तिग्रस्तांना दिले.

त्याच काळात तिकडे आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मोठ्यांना सहन होईना. मुलं 'त्सुनामी त्सुनामी' खेळू लागली. बाक हलवायचे, 'पाणी आलं' म्हणून ओरडायचं, टेबलावर चढायचं. शिक्षक घाबरले. जाणकारांनी सांगितलं, दामटून बंद करू नका, जवळ बसा. जे अंगावर आलं ते मूल आपल्या हातात घेऊन, आपल्या वेगाने, पुन्हा करून बघतं. फ्रॉइडने १९२० मध्ये दीड वर्षाच्या नातवाबद्दल हेच लिहिलं होतं: आई बाहेर गेली की तो दोरी बांधलेलं रीळ पलंगाआड फेकायचा आणि ओढून परत आणायचा. आई आपल्या हातात नसते, रीळ असतं.

तेव्हा ताई, माझं म्हणणं असं आहे, पटलं तर घ्या. गावात स्मारक होईल, नावं कोरली जातील. ते मोठ्यांसाठी आवश्यक आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला नावांची यादी वाचता येत नाही, आणि दगडाला हात लावून त्याला काही कळत नाही. त्याला घर कळतं. म्हणून अंगणवाडीत एका कोपऱ्यात घर करा. खरं, लहान, वाकून शिरायचं. आत सूप, रोवळी, लहान पाटा-वरवंटा, इरलं, घोंगडीचा तुकडा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, एकेक वस्तू द्या, आणि देताना पोरांसमोर बसून ती कशाची, कोणाच्या हातची, ते सांगा. 'तिकडे वर काय होतं' याचं पहिलं उत्तर 'दरड' हे नाही. तिकडे वर घरं होती, राब भाजायचे, लावणीला गाणी व्हायची, कोणाची तरी आजी नाचणीची भाकरी फार चांगली करायची. आधी हे. जे होतं तेच ठाऊक नसेल तर ते गेलं म्हणजे काय, हे मुलाला कसं कळणार?

दुसरी गोष्ट अंगणात. एक मोठी घमेली, उतारावर ठेवलेली, त्यात आपली लाल माती. अर्ध्या उतारावर गवत लावलेलं, अर्धा उघडा. मुलांच्या हातात पाण्याची झारी. किती पाण्याला माती सुटते, कुठली आधी सुटते, सुटायच्या आधी भेगा कुठे पडतात, पाणी गढूळ कधी होतं. मोठ्या माणसांना मी हे भूगर्भशास्त्र म्हणून सांगितलं असतं, की खाली काळा पाषाण, वर मुरूम-माती, मधे पाणी शिरलं की वरचा थर घसरतो. मूल ते हातांनी शिकेल, आणि डोंगरात भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं तर धावत येऊन सांगेल.

काल यावर बोलत असताना एका गृहस्थांनी मला अडवलं. ते म्हणाले, ज्या गावात माणसं अशी गेली तिथे पोरांनी दरड-दरड खेळायचं? आमच्या डोळ्यांदेखत? त्यांच्या या प्रश्नाला मी खोडून काढणार नाही. त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. एवढंच सुचवेन की घमेली कोणाच्या दारासमोर ठेवू नये, पहिल्या पावसात ठेवू नये, आणि ज्या घरची माणसं गेली त्यांना आधी विचारावं. त्यांनी नको म्हटलं तर घर करा, घमेली राहू द्या. मघाशी म्हटलं ना, ठराव झाला म्हणून हात पाण्यात जात नाही. इथेही मुभा कागदावरून येणार नाही. ती या घरांनी द्यायची आहे, आणि त्यांना लागेल तेवढा वेळ लागेल.

खर्चाचं विचाराल तर युट्रेक्टसारखं काही लागत नाही. सुतार गावात आहे, बांबू आहे, माती तर आहेच. चित्रं मुलांनीच काढावीत. मी नातीने काढलेला एक ससा घेऊन आलो आहे, तो त्या घराच्या दारावर लावायला ताईंकडे देतो. त्याचा एक कान मोठा आहे, पण बघतो समोरच.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, आणि मागच्या बाकावर जे हसले त्यांनी पहिला विचारावा.